‘पीयू बुश एकदाच टाका आणि विसरा’: हा सल्ला जुन्या गाडीला का लागू पडत नाही

नाशिकच्या गाडीवाल्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘जुन्या गाडीला पुन्हा रबरी बुश टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे बुश टाका. ते कधीच जात नाहीत, गाडी नव्यासारखी होते आणि पुढे काही बघावे लागत नाही.’ बुश म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या भागांच्या सांध्यात बसणारा, हादरे झेलणारा लवचिक तुकडा. माझी 2004 सालची एस्टीम आजही रोज रस्त्यावर असते, त्यामुळे हा सल्ला ऐकून कोणी चांगली गाडी बिघडवू नये, असे मला मनापासून वाटते.

रबर मुळातच कच्चे असते, हे गृहीतकच चुकीचे आहे. लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशमध्ये रबर आतल्या व बाहेरच्या लोखंडी नळीला पक्के चिकटवलेले असते. आतली नळी बोल्टने जखडलेली असल्यामुळे आर्म वरखाली होताना ती फिरत नाही; मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ जागी येते. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळला, तर चाके जमिनीवर टेकताच रबराला कायमचा पीळ बसतो, प्रत्येक खड्ड्यागणिक तो वाढतो आणि चांगल्या प्रतीचे बुशही अकाली फाटते. माझ्या गाडीचे बुश एका गॅरेजमध्ये असेच बसवले गेले आणि सात महिन्यांत फाटले. त्याच कंपनीचे दुसरे बुश घेऊन, गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर बोल्ट आवळून घेतले. त्यांनी आता तिसरा पावसाळा काढला आहे. दोष रबराचा नव्हता. इंजिन ऑइल गळून बुशवर येत असेल तर मात्र रबर फुगून मऊ पडते, म्हणून आधी गळती थांबवावी. तसेच दुकानात वर्षानुवर्षे पडून कडक झालेला, भेगा गेलेला माल घेऊ नये.

पुढे काही बघावे लागत नाही, हे तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. बहुतेक पीयू बुश नळीला चिकटवलेले नसतात. नळी त्यांच्या आत घासत फिरते, म्हणून तिथे योग्य ग्रीस लागते. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पावसात चिखलपाणी आत शिरून ग्रीस निघून गेले, की बुश करकरू लागते आणि झिजते.

राहिला ‘नव्यासारखी’ हा शब्द. गाडी नवी होती तेव्हा तिला रबरच होते, आणि त्याचा मऊपणा विचारपूर्वक ठरवलेला होता. काही बुशमध्ये तर मुद्दाम पोकळी ठेवलेली असते, जेणेकरून खड्ड्यात आदळताना चाक किंचित मागे सरकावे. त्या जागी कडक, भरीव पीयू बसवले तर हादरा थेट बॉडीच्या जोडांवर जातो, आणि वीस वर्षांच्या गाडीत तिथल्या पत्र्याला गंज लागलेला असण्याची शक्यता मोठी असते. कसारा घाटाच्या वळणांवर पीयूमुळे स्टिअरिंग अधिक नेमके वाटते, हे मी मान्य करतो. स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याच्या) बुशला पीयू वापरण्यासही माझी हरकत नाही, कारण तिथल्या कडकपणाचा त्रास तुलनेने कमी होतो. लोअर आर्मला मात्र मी रबरच टाकेन, आणि बुश कोणतेही असो, ते बदलल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करूनच गाडी बाहेर काढेन.