सर, पेशीपटल खरंच वाहतं, पण काकडीची चूक माझीच

नमस्कार सर, पेशीपटलावरच्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावरच्या, माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा झोंबली, खोटं कशाला बोलू. तुमचे आक्षेप तीन: पटल ‘तेलासारखं वाहतं’ हे मी लेख खपावा म्हणून लिहिलंय कारण तसं असतं तर पेशी सांडूनच गेली असती, खरं काम सगळं प्रथिनं करतात आणि मी उगाच चरबीचं कौतुक करत बसलोय, आणि काकडीचं उदाहरण साफ चुकलंय.

काकडीचं आधी, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. मीठ लावलेल्या काकडीला पाणी का सुटतं, तर मी लिहिलं होतं की मीठ पेशीत शिरतं आणि पाण्याला बाहेर ढकलतं. उलटं आहे. मीठ बाहेरच्या ओलाव्यात विरघळतं, तिथे घट्ट द्रावण तयार होतं आणि पेशीतलं पाणी आपणहून बाहेर येतं. मीठ पेशीभित्तिकेतून, म्हणजे वनस्पतीच्या पेशीच्या पटलाबाहेरच्या ताठ भिंतीतून, आरामात जातं पण पटलापाशी अडतं, कारण सोडियम, क्लोराइड हे विद्युतभारित आयन आणि पटलाचा मधला थर चरबीचा, तिथे त्यांचं काही चालत नाही. मग पटल आकसून भित्तिकेपासून सुटतं, म्हणजे आपला आठवीतला रससंकोच. हे तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलंय आणि मी घाईत लिहिलं. परिच्छेद बदललाय.

पण ‘वाहतं’ मी मागे घेणार नाही.

१९७० साली फ्राय आणि एडिडिन या दोघांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकत्र जोडली, दोघांच्या पटलावरच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांचे चमकणारे प्रतिद्रव्याचे टिळे लावले, आणि बघत बसले. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल. ३७ अंशांना ठेवल्यावर ४० मिनिटांत बहुतेक पेशींवर दोन्ही रंग पार मिसळून गेलेले, आणि थंडीत ठेवल्या तर मिसळणं जवळपास थांबलेलं. घट्ट भिंतीत बसवलेल्या विटा अशा फिरतात का सर? सिंगर आणि निकोल्सन यांचं १९७२ चं मॉडेल (पटल म्हणजे चरबीच्या वाहत्या थरात तरंगणारी प्रथिनं), जे आपण पुस्तकात शिकतो, ते या असल्या पुराव्यांवरच उभं आहे.

आता सांडत का नाही, हा तुमचा प्रश्न मात्र भारी आहे, लेखात मी तो टाळलाच होता. पटलातली चरबी म्हणजे मुख्यतः फॉस्फोलिपिड, त्याच्या एका रेणूला शेजारच्या रेणूशी बांधणारा पक्का रासायनिक बंध नसतो. प्रत्येकाला पाणी आवडणारं एक डोकं आणि पाण्याला टाळणाऱ्या दोन शेपट्या. पाणी आतही आहे आणि बाहेरही, मग शेपट्या लपणार कुठे, तर एकमेकींच्या आडोशाला, मधे. म्हणजे पटल धरून ठेवलंय ते आजूबाजूच्या पाण्यानेच. रेणू आपल्या थरात इकडेतिकडे भटकतात, पण या थरातून उलटून त्या थरात क्वचितच जातात, कारण डोकं चरबीतून ओढत न्यावं लागतं. जाडी सगळी मिळून ७-८ नॅनोमीटर, वहीच्या एका पानाच्या जाडीत अशी दहा हजारांहून जास्त पटलं मावतील.

प्रथिनांबद्दल अर्धं पटतं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीच्या पटलात प्रथिनं साधारण ५२ टक्के आणि लिपिडं, म्हणजे चरबी, ४० टक्के, तेव्हा प्रथिनांना कमी कोण लेखणार. पाण्यासाठी सुद्धा खास प्रथिनांचे मार्ग आहेत, त्या अॅक्वापोरिनसाठी पीटर अॅग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. सोडियम-पोटॅशियम पंप हेही पटलातलं प्रथिनच, ते दर वेळी ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत घेतं आणि त्यावर एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करतं. पण बाहेर काढलेलं सोडियम लगेच परत आत झिरपत नाही ते चरबीमुळेच ना? बांध नसेल तर पंप चालवून काय उपयोग. आणि ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड तर चरबीतून थेट ये-जा करतात.

तुमची प्रतिक्रिया वाचून रविवारी घरी एक उद्योग केला. बिटाच्या चकत्या केल्या, रंग यायचा थांबेपर्यंत नळाखाली धुतल्या (यात बराच वेळ गेला, आई कोशिंबिरीसाठी वाट बघत होती), मग एक गार पाण्यात, एक कडकडीत पाण्यात, आणि एक रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग गार पाण्यात. पहिल्या वाटीतलं पाणी अर्ध्या तासाने जेमतेम गुलाबी. दुसरी वाटी बघता बघता लालभडक. तिसरीत तर गार पाणी असूनही रंग भसाभस सुटला, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पटलं फाडून टाकली होती. गरम पाण्यातली चकती बोटाने दाबली तर अजून बऱ्यापैकी टणक होती, म्हणजे भित्तिका जागेवरच होत्या, तरी रंग गेला. तो अडवून धरला होता आतल्या रिक्तिकेच्या (रंग साठवणाऱ्या पिशवीच्या) आणि पेशीच्या पटलांनी.

एक मात्र खरं की तुमच्या शंकेला माझं चित्रही जबाबदार आहे. लेखात मी डोक्यांच्या दोन सरळ रांगा, पोलिसांच्या संचलनासारख्या उभ्या केलेल्या, तेच चित्र टाकलं होतं. ते बघून कुणालाही भिंतच वाटेल. काढलंय, वहीवर वाकडंतिकडं नवीन काढतोय, झालं की टाकतो.