अभिषिक्त झाला म्हणून हिशेब देणं चुकत नाही

मावशीने आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बैठकीत इमारत निधीच्या पावत्या मागितल्या. त्याच संध्याकाळी कोणीतरी तिला तो सगळीकडे फिरणारा मेसेज पाठवला: ‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका. मंडळीची भांडणं कोर्टात नेऊ नका. पुढाऱ्यांनी प्रार्थना करावी, भ्रष्टाचारावर बोलू नये.’ तेव्हापासून मावशी गप्प आहे. माझा संताप त्याचा आहे.

‘अभिषिक्ताला’, म्हणजे देवाने निवडून नेमलेल्या माणसाला, ‘हात लावू नका’ हे बायबलमधल्या स्तोत्र १०५ मधलं. तिथे विषय अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा. परक्या मुलखात भटकणारी ही मूठभर माणसं. त्यांना छळू नका म्हणून देव दरडावतो तो राजांना! ते वचन आता खुर्चीवरच्यांनी ढाल म्हणून धरायचं? दुसरा आधार देतात दावीदाचा. एन-गेदीच्या गुहेत त्याने शौल राजाला, तो देवाचा अभिषिक्त म्हणून, मारलं नाही, खरंय. पण बाहेर येऊन, शौलाच्या झग्याचा कापलेला काठ दाखवत त्याने जाब विचारलाच. पुढे दावीद स्वतः राजा झाला, आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको त्याने घेतली आणि उरीयाला लढाईत मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला तोंडावर म्हणाला, ‘तो माणूस तूच आहेस.’ दावीदही अभिषिक्तच होता. त्याने नाथानाला गप्प केलं नाही, पाप कबूल केलं.

कोर्टाचं म्हणाल, तर प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला आपसातले वाद तिथे नेऊ नका म्हटलंय, हे मान्य करावं लागेल. ऐकीव गोष्टींवरून पाळकाची (पास्टरची) बदनामी करू नये, हेही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१९) दोन-तीन साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप घेऊ नये असंच आहे. पण पुढचंच वचन का गाळता? पाप करणाऱ्यांना सर्वांदेखत दोष लाव, म्हणजे इतरांनाही धाक बसेल. सर्वांदेखत! गुपचूप बदली करून नव्हे. आणि अर्पणाच्या पैशांचा अपहार हा दोन भावांमधला वाद नसतो, तो गुन्हा असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये नियम बदलून कार्डिनल आणि बिशपांनाही व्हॅटिकनच्या नेहमीच्या न्यायालयापुढे आणलं. स्वतः पौलाने यरुशलेमसाठी गोळा केलेली मदत पोचवताना सोबत विश्वासू माणसं घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून; प्रभूपुढेच नव्हे, माणसांपुढेही व्यवहार चोख हवा, असं त्याने लिहून ठेवलंय (२ करिंथ ८:२०-२१). मावशीने पावत्या मागितल्या त्या याच न्यायाने.

उरला तिसरा मुद्दा, भ्रष्टाचारावर बोलू नये हा. बाप्तिस्म्याला आलेल्या जकातदारांना बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने सांगितलं, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगितलं, कोणाला लुबाडू नका. आणि सत्ताधारी हेरोदाला त्याच्या दुष्कर्मांबद्दल सुनावलं म्हणून योहान तुरुंगात गेला.