मुलांच्या पोळ्या मोजू नका

वाढत्या वयाचे दोन मुलगे घरात असल्यामुळे सकाळी मळलेली कणीक दुपारीच संपते आणि रात्रीसाठी राखलेली मटकीची उसळ क्लासहून आल्या आल्या पातेल्यातूनच फस्त होते. याने मी थकते, पण चिडत नाही. चीड येते ती पंक्तीत त्यांच्या पोळ्या मोजणाऱ्या नातेवाइकांची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३३२० किलोकॅलरी लागतात, म्हणजे बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषापेक्षा हजाराहून अधिक. ‘अरे, किती खातोस!’ हे ऐकून परवा धाकट्याने पानात घेतलेली पोळी मुकाट्याने बाजूला सारली. भुकेल्या मुलाला भरल्या पंक्तीत लाजवणे मला मुळीच सहन होत नाही आणि यापुढे मी ते ऐकून घेणार नाही.