शिल्लक कोटींची आणि मंडई गळकी? त्या फिरणाऱ्या मेसेजचा हिशेब

गेला आठवडाभर सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात (नगरपालिका आहे, पण आम्ही अजून गावच म्हणतो) एक मेसेज प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, भावकीच्या ग्रुपवर पण आला. थोडक्यात मजकूर असा: नगरपालिकेनं कोट्यवधींच्या शिलकीचं बजेट मंजूर केलं, पैसा बँकेत पडून आहे, व्याज कोण खातंय देव जाणे, तरी घरपट्टी वाढवली, आणि इकडं मंडई गळतीय, वाचनालयाचा स्लॅब पडायला आलाय. म्हणून एकतर घरपट्टी माफ करा आणि मंडई नीट करा, नाहीतर सगळी शिल्लक लावून जुन्या इमारती पाडून नव्या बांधा. खाली फोटो, आणि "खरे नागरिक असाल तर पुढे पाठवा".

राग खरा आहे बरं का. मंडई गळतीय हेपण खरं, पावसाळ्यात भाजीवाल्या बायका डोक्यावर प्लास्टिकचा कागद बांधून बसतात. पण हिशेब साफ चुकलाय, आणि असला हिशेब घेऊन सीओंच्या (म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या) केबिनमध्ये गेलात तर ते दोन मिनिटांत चहा पाजून वाटेला लावतील.

"पैसा बँकेत पडून आहे."

बँकेत आहे, पण तो सगळा नगरपालिकेचा नाही. बजेटच्या पहिल्या पानावर 'आरंभीची शिल्लक' म्हणून जो मोठा आकडा असतो ना, तो फोडून बघा. त्यात केंद्राच्या १५व्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २०२६) पैसा असतो, ज्यातला ६० टक्के बंधित आहे, म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यावर आणि निम्मा घनकचरा-स्वच्छतेवरच घालायचा, उरलेला ४० टक्के अबंधित म्हणतात पण त्यातूनही पगार करता येत नाही. मग राज्याच्या नगरोत्थान योजनेचा, दलित वस्ती सुधारणेचा, जिल्हा नियोजनचा निधी, तो तर कामाचं नाव लावूनच येतो, अमुक गल्लीतली गटार म्हणजे तीच गटार. शिवाय हा निधी येतो कधी, तर बऱ्याचदा मार्च संपता संपता. चार दिवसांत कुणाचं काम होतंय? ३१ मार्चला जो खर्चला नाही तो १ एप्रिलला 'शिल्लक' म्हणून कागदावर येतो आणि लोकांना वाटतं खजिना सापडला.

त्यात अजून ठेकेदारांची अनामत आहे, गाळेधारकांचं डिपॉझिट आहे, ते एक दिवस परत द्यायचंय. घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असतो तो तर राज्य सरकारचा, नगरपालिका नुसती गोळा करून भरते. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि ५ टक्के महिला-बालकल्याणसाठी बाजूला काढायचे. भिशीचे पैसे आपल्या कपाटात आहेत म्हणून त्यातनं फ्रीज घेतला तर चालेल का, तसला प्रकार आहे हा.

हे सगळं वजा करून जे उरतं त्याला स्वनिधी म्हणा किंवा नगरपालिका फंड म्हणा, मंडईचे पत्रे त्याच्यातनं बदलायचे असतात. मेसेज लिहिणाऱ्यानं तो आकडा विचारायला पाहिजे होता. तो त्यानं विचारलाच नाही, कारण तो एवढा मोठा निघणार नाही आणि मग मेसेजला मजा येणार नाही.

आणि "शिलकी बजेट" ही जी पेपरात बातमी येते तिचं कौतुक आणि तिच्यावरचा राग दोन्ही वायाच. बजेट म्हणजे पुढच्या वर्षाचा अंदाज. त्यात जमेच्या बाजूला वसुली भरघोस धरली की शिल्लक आपोआप फुगते, मग वर्षअखेर वसुली तेवढी झाली नाही की ती शिल्लक जाते हवेत.

"व्याज कोण खातंय?"

याला लांबलचक उत्तर नाही. बऱ्याच योजनांच्या खात्यावरचं व्याज त्याच योजनेत धरावं लागतं नाहीतर सरकारला परत भरावं लागतं. स्वनिधीच्या एफडीचं व्याज जमेच्या बाजूला वेगळ्या ओळीत दिसतं, नाही दिसलं तर मात्र बोंब मारा, मी पण येतो.

"शिल्लक असताना घरपट्टी वाढवली."

कर आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते, चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात तिला. शिल्लक दिसली म्हणून ती थांबत नाही. आकारणी चुकली असेल तर हरकत घ्यायची सोय आहे, मुदतीत घ्या ना. जुन्या लोकांना आठवत असेल, नगरपालिकांची जकात (गावात येणाऱ्या मालावरचा कर) १९९९ ला बंद झाली, तेव्हापासून त्या बदल्यात सरकारकडून सहाय्यक अनुदान येतं आणि त्याचा मोठा भाग पगारातच जातो. हाताशी राहिलं काय, तर घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजारफी. त्यातनंच पाणीपुरवठ्याच्या मोटरींचं लाइट बिल, त्यातनंच दुरुस्ती. म्हणजे एका वाक्यात घरपट्टी माफ करा म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात मंडई दुरुस्त करा म्हणायचं, हे जमायचं कसं? थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती म्हणजे दंड लागतो तो गरिबाला जड जातो, त्यात सवलत मागितली असती तर मी पहिली सही केली असती.

फोटोंबद्दल एवढंच की त्यातला एक एसटी स्टँडचा आहे, ते महामंडळाचं. एक ग्रामीण रुग्णालयाचा, ते राज्य सरकारचं. शाळा जिल्हा परिषदेची. त्या फोटोंतल्या नगरपालिकेच्या इमारती फक्त दोन, मंडई आणि वाचनालय.

"सगळी शिल्लक लावून पाडून नवीन बांधा."

हा मुद्दा सगळ्यात जास्त लाइक खातोय आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा पण हाच आहे. शिल्लक एकदाच खर्च होते. नव्या इमारतीचा वॉचमन, सफाई, लाइट बिल, लिफ्ट असेल तर तिचा वर्षाचा मेंटेनन्स, हे दरवर्षी लागतं आणि ते महसुली म्हणजे चालू खर्चात येतं, त्याला योजनेचा पैसा सहसा मिळत नाही. नव्या बांधकामाला योजना मिळते, उद्घाटन होतं, फ्लेक्स लागतो. गळती काढायला योजना सहसा नसते, आणि पन्हाळ साफ केली म्हणून फ्लेक्स लावलेला मी तरी बघितला नाही.

वाचनालयाचा स्लॅब बघा जाऊन. गच्चीवरचं पाणी उतरवणारा पाइप पालापाचोळ्यानं तुंबलाय, पाणी साठतं, मुरतं, आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट पोपडे धरून पडतं. त्यावर उपाय म्हणून आतनं प्लास्टर आणि रंग! वरचं पाणी बंद केल्याशिवाय आतनं कितीही लिंपलं तरी पुढच्या पावसात तेच. मागची खोली तर जुनी, चुन्यातलं दगडी बांधकाम, तिला कुणीतरी सिमेंटचं प्लास्टर मारून ठेवलंय, आता भिंतीतली ओल बाहेर पडायला जागाच नाही म्हणून खालून फूटभर भिंत कायम दमट. मंडईचं दुखणं वेगळं, पत्रे सडलेत आणि अँगलला गंज आहे, पण खांब सरळ उभे आहेत. यातलं काय पाडायचं आणि काय वाचवायचं हे आपण व्हॉट्सॲपवर ठरवणार का? स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी करा, हॅमर टेस्ट (हातोडीसारख्या यंत्रानं काँक्रीटचा कडकपणा बघायचा), गरज पडली तर कोअर म्हणजे काँक्रीटचा नमुना काढून बघा, सांगलीचं वालचंद आणि कराडचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग कॉलेज काही लांब नाही. रिपोर्टमध्ये पाडा आलं तर पाडा, माझी काय ती वडिलोपार्जित इस्टेट नाही.

आणि सगळी शिल्लक संपवायची म्हणजे काय? ऑगस्ट २०१९ विसरलात? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोका पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर. पूर ओसरल्यावर गाळ काढायला, औषध फवारायला, बुडालेल्या मोटरी काढून भरायला पैसा त्याच आठवड्यात लागतो, सरकारी मदतीची फाइल नंतर येते.

आता नगरपालिकेचं कुठं चुकतंय ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा सीओंचा माणूस. इमारत देखभाल-दुरुस्तीची तरतूद एकतर चिमूटभर, आणि ती पण वर्षअखेर तशीच उरते. म्हणजे त्या शिलकीत न केलेल्या दुरुस्त्यासुद्धा आहेत, आणि मेसेजवाल्यानं नेमकं हेच सोडलंय! कारण साधं आहे, बजेट फेब्रुवारीत, मग एस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर हातात येईपर्यंत जून उजाडतो. पावसात गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोण करणार? महाबळेश्वरसारखा पाऊस आपल्याकडं नाही, पण गळायला पुरेसा आहे. एस्टिमेट दिवाळीनंतर तयार ठेवलं तर एप्रिल-मे मिळतात, यात काही रॉकेट सायन्स नाही.

तर मेसेज फॉरवर्ड करण्यापेक्षा माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. विचारायचं एवढंच: ३१ मार्चच्या शिलकीत स्वनिधी किती, गेल्या तीन वर्षांत इमारत दुरुस्तीला तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, मंडई आणि वाचनालयाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, झालं असेल तर रिपोर्टची प्रत. अर्ज मी लिहून देतो, सह्या तुम्ही गोळा करा.