"एक .एन्व्ह फाइल टाका, विषय संपला" म्हणे

सध्या एक सल्ला जाम फिरतोय, तोच स्क्रीनशॉट माझ्याकडे तीनदा आलाय. थोडक्यात असा की सर्व्हरलेस फंक्शनच्या (सर्व्हर न सांभाळता क्लाउडवर चालणारा कोड) युनिट टेस्ट लोकलला, म्हणजे आपल्याच मशीनवर, चालवायच्या तर एक .एन्व्ह फाइल (एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे कोडबाहेरची सेटिंग्ज लिहिलेली) ठेवा, डॉटएन्व्ह (ती फाइल वाचणारी लायब्ररी) लोड करा, फाइलमधे आहे तेच टेस्टला मिळणार, एखादी व्हॅल्यू वेगळी हवी तर टेस्टमधेच प्रोसेस.एन्व्हला (जावास्क्रिप्ट चालवणारा नोड ही व्हेरिएबल्स जिथे देतो ते ऑब्जेक्ट) असाइन करा, आणि क्लाउडवर व्हेरिएबल्स सेट असतातच त्यामुळे तिकडचं टेन्शन नाही. मीही बरेच दिवस हेच करायचो, म्हणूनच बोलतोय.

"फाइलमधे आहे तेच मिळणार" हे तर सरळ चुकीचं. डॉटएन्व्ह आधीपासून सेट असलेल्या व्हेरिएबलला हात लावत नाही, ओव्हरराइड मुद्दाम चालू करावं लागतं. मी एकदा टर्मिनलमधे कशासाठी तरी टेबल_नेम एक्स्पोर्ट केलं होतं, स्टेजिंगचं (लाइव्ह जाण्याआधीच्या सिस्टमचं), आणि विसरलो. दुपारी त्याच टर्मिनलमधून टेस्ट चालवल्या, .एन्व्हमधे बिचारं टेस्ट टेबलचं नाव नीट लिहिलेलं, पण शेलमधलं जिंकलं आणि टेस्टनंतरच्या क्लीनअपने स्टेजिंगच्या रो उडवल्या. टेस्ट सगळ्या हिरव्या बरं का! (युनिट टेस्ट खऱ्या टेबलला जातेच कशी, असं कोणी विचारेल. बरोबर आहे, तोही माझाच गाढवपणा.)

आता "टेस्टमधे असाइन करा". हे दिसतं सोपं पण इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. बहुतेक हँडलरमधे (क्लाउड ज्याला कॉल करतो ते फंक्शन) फाइलच्या डोक्यावरच कॉन्स्ट टेबल = प्रोसेस.एन्व्ह.टेबल_नेम लिहिलेलं असतं, म्हणजे व्हॅल्यू मॉड्यूल लोड होताना एकदाच वाचली जाते. तुम्ही टेस्टमधे नंतर काहीही असाइन करा, त्या कॉन्स्टला पत्ताच नाही. बरं, असाइनमेंट इम्पोर्टच्या वरच्या ओळीवर नेली तरी उपयोग नाही कारण ईएस मॉड्यूलमधे इम्पोर्ट आधी चालतात, तुमची ओळ नंतर. मग लोक जेस्ट या टेस्ट टूलचं रीसेटमॉड्यूल्स करून (लोड झालेली मॉड्यूल्स विसरायला लावून) हँडलर परत रिक्वायर करतात, चालतं, पण दर टेस्टला ती कसरत करायची आणि एका टेस्टमधे विसरलं की आधीचीच व्हॅल्यू घेऊन ती खुशाल पास होते. आणि साफसफाईचं काय? टेस्ट झाल्यावर व्हेरिएबलला अनडिफाइन्ड असाइन केलंत तर नोड त्याची "अनडिफाइन्ड" अशी स्ट्रिंग करतो, रिकामं होत नाही, डिलीटच करावं लागतं. फॉल्स टाकलंत तरी तेच, "फॉल्स" ही स्ट्रिंग इफमधे ट्रू ठरते, आमचा एक फीचर फ्लॅग असाच बंद करूनही चालू होता. पायथनवाल्यांचं बरंय, ओएस.एन्व्हायरॉनमधे स्ट्रिंग सोडून काही टाकलं की तिथेच एरर येतो, आणि पायटेस्टचं मंकीपॅच.सेटएन्व्ह टेस्ट संपली की आपोआप जुनं परत ठेवतं. व्हायटेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्ट टूलमधे स्टबएन्व्ह (तात्पुरती व्हॅल्यू द्यायला) आहे, तेही चांगलंय, फक्त अनस्टब करायला विसरू नका.

क्लाउडवरच्या मुद्द्याचं म्हणाल तर तिथलं वातावरण आणि तुमचा लॅपटॉप एक नाहीत. लॅम्डामधे (अमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडची सर्व्हरलेस सेवा) एडब्ल्यूएस_रीजन, म्हणजे क्लाउडचा कुठला विभाग ते, रनटाइमच देतो. तुमच्या मशीनवर तो नसतो, पण एडब्ल्यूएसची सेव्ह केलेली डीफॉल्ट प्रोफाइल असते म्हणून निभावतं आणि सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर) गेलं की रीजन मिसिंग. त्यात त्या प्रोफाइलमधे खरे क्रेडेन्शियल्स असतात, म्हणून टेस्टला मुद्दाम खोटे द्यावेत. अझ्युअरवाल्यांची (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) लोकल.सेटिंग्ज.जेसन तर फंक्शन होस्ट चालू केला तरच वाचली जाते, नुसत्या युनिट टेस्टला तिच्यातलं काही मिळत नाही. शिवाय लॅम्डाला सगळी व्हेरिएबल्स मिळून ४ केबीची मर्यादा आहे, .एन्व्हमधे अख्खा जेसन कोंबला तरी लोकलला कोणी हटकत नाही.

मी आता कॉन्फिग वाचायचं एकच फंक्शन ठेवतो. ते एन्व्ह ऑब्जेक्ट आर्ग्युमेंट म्हणून घेतं, आकडे आणि ट्रू-फॉल्स तिथेच बदलून देतं आणि काही नसेल तर त्या व्हेरिएबलचं नाव घेऊन एरर फेकतं. बाकीच्या कोडला तयार कॉन्फिग मिळतं, त्यामुळे टेस्टमधे साधं ऑब्जेक्ट पास केलं की झालं, प्रोसेस.एन्व्हला कोणी शिवतच नाही. डेटाबेस क्लायंट वगैरे वरतीच बनवायचं कारण मला मान्य आहे, वॉर्म कंटेनरमधे (आधीच्या कॉलपासून चालूच असलेला) तो परत वापरता येतो, पण मग पहिल्या कॉलला बनवून ठेवा ना, तेवढंच काम होतं.

फंक्शन लोकलला प्रत्यक्ष चालवून बघायला .एन्व्ह खुशाल वापरा, तिथे माझं काही म्हणणं नाही. फक्त एकदा त्या फाइलचं नाव बदला, नवीन टर्मिनल उघडा आणि टेस्ट चालवा. ज्या पडतील त्यांची यादी काढा, कामाला तिथून लागता येतं.