मालवाहू विमानात प्रवासी नसतात, म्हणून वैमानिकाची जबाबदारी कमी?

ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मेसेज फिरतो आहे. उलव्याचा विमानतळ पहिल्या टप्प्यात वर्षाला ५ लाख टन माल हाताळणार, म्हणून शेकडो कार्गो पायलट लागणार. २०० तासांचं लायसन्स काढलं की लगेच नोकरी. प्रवासी नाहीत म्हणून जबाबदारी आणि धोका कमी. रात्री उडायचं, दिवसभर मोकळं. अशा मेसेजवर विसंबून लोक घर गहाण टाकतात, म्हणून तो नीट तपासायला हवा.

आधी 'धोका कमी' हे विधान, कारण ते जिवावर बेतणारं आहे.

सुट्या, म्हणजे उपकरणाशिवाय पाठवलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. मालवाहू विमानातून मात्र त्या जातात, चार्ज ३० टक्क्यांच्या आत ठेवण्याच्या अटीवर. म्हणजे प्रवाशांजवळ ठेवायला जो माल धोक्याचा ठरला, तोच कार्गो वैमानिकाच्या पाठीमागे असतो. शिवाय बऱ्याच मालवाहू विमानांच्या मुख्य डेकवर आग विझवणारा वायू सोडायची सोय नसते. तिथली हवा बंद करायची, केबिनचा दाब सोडायचा, सुमारे २५,००० फुटांवर राहून आगीचा ऑक्सिजन तोडायचा, अशी पद्धत आहे. याने आग दबते, पण पेटलेली बॅटरी आतून तापतच राहते. म्हणून हाताशी असलेला खरा उपाय एकच, जवळच्या धावपट्टीवर लवकरात लवकर उतरणं. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस या माल वाहणाऱ्या कंपनीच्या बोइंग ७४७ मध्ये उड्डाणानंतर साधारण २२ मिनिटांनी आगीची घंटा वाजली. दोहा जवळ असताना विमान दुबईकडे वळलं. कॉकपिट धुराने इतकं भरलं की उपकरणं दिसेनात. दोन्ही वैमानिक गेले. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या.

म्हणून उड्डाणाआधी कॅप्टनच्या हाती येणारा 'नोटॉक', म्हणजे धोकादायक मालाची जागेसह यादी, नुसती सही करून परत द्यायची नसते. कुठल्या पोझिशनला काय आहे आणि वाटेत कुठे उतरता येईल, हे दोन्ही वैमानिकांनी आधीच बोलून ठेवायचं असतं.

दुसरा धोका माल बांधण्यातला. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बगराम इथे नॅशनल एअरलाइन्सचं ७४७ उड्डाण करताच कोसळलं, सातही जण ठार झाले. आत पाच चिलखती लष्करी गाड्या होत्या आणि त्यांची बांधणी अपुरी होती. केवळ तोल मागे गेला, अशी या अपघाताबद्दल अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात मागे घसरलेल्या गाडीने हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीच्या स्टॅबिलायझरचा, म्हणजे आडव्या पंखाचा, जॅकस्क्रू (तो पंख वर-खाली हलवणारा स्क्रू) तोडला, मग नाक खाली आणायला काही उरलंच नाही. पॅलेटची, म्हणजे माल रचलेल्या फळ्यांची, कुलुपं वर आली आहेत का, जाळी ताणलेली आहे का, लोडशीटवरच्या (कुठे किती वजन आहे त्या तक्त्यावरच्या) पोझिशन प्रत्यक्षाशी जुळतात का, हे बघणं वैमानिकाच्या कामाचाच भाग आहे. दोन जड पॅलेटची अदलाबदल झाली, तरी ट्रिमचा, म्हणजे विमानाचा तोल साधण्याचा, आकडा चुकतो.

आणि विमानात प्रवासी नसले, तरी खाली माणसं असतातच. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये एल अलचं मालवाहू ७४७ रहिवासी इमारतींवर पडलं. मृत ४३, त्यातले ३९ जमिनीवरचे. उलवे, खारघर, कामोठ्यातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

'रात्री काम, दिवसा मोकळं' म्हणणाऱ्याने रात्रपाळी केलेली नसावी. पहाटे २ ते ६ या वेळात शरीराची सतर्कता सर्वांत खाली जाते आणि कार्गोची बरीच विमानं याच वेळात उतरतात. १४ ऑगस्ट २०१३ ला बर्मिंगहॅम, अलाबामा इथे पहाटेच्या अंधारात यूपीएसचं ए३०० धावपट्टीआधीच आदळलं. तपासात थकवाही कारणांमध्ये नोंदला गेला. दिवसाची झोप हा ड्यूटीचाच भाग समजायचा, म्हणजे खोली पूर्ण अंधारी, फोन बंद, निघण्याआधी पुन्हा डुलकी. झोप झालीच नसेल, तर 'फटीग', म्हणजे थकवा, कळवून उड्डाण नाकारायचं.

आता नोकऱ्या. ५ लाख टन ही विमानतळाची क्षमता आहे आणि त्यातला बराच माल प्रवासी विमानांच्या पोटातून जाईल. त्यासाठी वेगळा कार्गो वैमानिक लागत नाही. वैमानिक लागतात ते मालवाहू विमानांच्या संख्येवर. ७३७-८०० किंवा ए३२१ च्या एका विमानामागे साधारण चार-पाच जोड्या धरा. दहा नवी विमानं आली, तर शंभरेक जागा, आणि त्यातल्या निम्म्या कॅप्टनच्या. त्यासाठी १५०० तासांचं एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीचं वरचं लायसन्स, आणि कमांडचा अनुभव हवा. २०० तासांवर सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, मिळतं हे खरं, पण त्यावर टाइप रेटिंगचा (एका ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) लाखोंचा खर्च वेगळा, आणि ते करूनही जागा निघेपर्यंत थांबावं लागू शकतं.

एक दिलासा मात्र खरा आहे. 'एकदा कार्गोत गेलं की प्रवासी कंपन्या घेत नाहीत' असंही लोक जोडून सांगतात, ते चूक. ७३७-८०० वरचे तास माल वाहून मिळोत की माणसं, लॉगबुकात सारखेच.

फी भरण्याआधीचा क्रम असा ठेवा. वर्ग २ आणि मग वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी. त्यात अडलं, तर पुढचा सगळा खर्च वाचतो. नंतर डीजीसीए या हवाई वाहतूक नियामक संस्थेचे पेपर, प्रत्येकात ७० टक्के. त्यानंतर बारामती, गोंदिया किंवा जी फ्लाइंग स्कूल निवडाल तिथे जाऊन विचारा की आज उडण्याजोगी विमानं किती आणि मागच्या तुकडीला २०० तास पुरे करायला किती महिने लागले. टाइप रेटिंगचे पैसे कुठल्या कंपनीत कुठल्या विमानावर जागा आहेत हे पाहूनच भरा.