कुत्रा संत झाला, त्यात बिघडलं काय?

"अहो, त्या संत झालेल्या कुत्र्याची गोष्ट म्हणजे आपल्या मुंगसाचीच गोष्ट," सुधाताई म्हणाल्या. "बाळाला सापापासून वाचवलं आणि मालकानं रक्ताळलेलं तोंड बघून त्यालाच मारलं. पंचतंत्रातलं मुंगूस फ्रान्सला पोचेपर्यंत शिकारी कुत्रा झालं. गिनफोर त्याचं नाव. तिथल्या खेड्यातले लोक त्यालाच संत मानून आजारी लेकरं घेऊन त्याच्या जागी जायचे."

"मुळात," अविनाश सरांनी चष्मा वर सरकवला. सरांचं कुठलंही वाक्य 'मुळात'शिवाय निघत नाही. "मुळात हे खेडवळ अज्ञान. नावाला ख्रिस्ती, आतून सगळे जुनेच."

"नावाला? मग एतियेन द बूर्बों या धर्मगुरूला हे कळलं कसं? १३व्या शतकात फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या उत्तरेला दोंब भागात तो प्रवचनं करत होता. बायकांनी पापाची कबुली देताना सांगितलं की आम्ही लेकरांना संत गिनफोरकडे नेतो. त्यालाही आधी खराच संत वाटला! त्या बायका चर्चच्याच होत्या, सर."

पोर किडकिडीत झालं की रानातल्या भुतांनी खरं पोर नेऊन आपलं ठेवलं, अशी समजूत. आई मीठ वाहायची, बाळाचे कपडे झुडपांवर टांगायची. मग उघडं बाळ दोन झाडांच्या खोडांमधून नऊ वेळा पलीकडच्या म्हातारीच्या हातात द्यायची. पुढे त्याला गवतावर ठेवून उशाशी पेटत्या मेणबत्त्या, त्या विझेपर्यंत आईनं लांब थांबायचं. शेवटी नदीत नऊ बुचकळ्या.

"आणि पोरं मेली असतील त्यात," बंडू म्हणाला.

"मेली. काही भाजून मेली, एतियेननंच लिहिलंय. ते मी झाकणार नाही. पण तडफडणारं पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला अडाणी म्हणणं फार सोपं आहे."

यावर कोणी काही बोललं नाही. मला तर सुधाताईंचा शब्द न् शब्द पटला.

"मुळात चर्चनं हे मोडून काढायलाच हवं होतं," सर.

"६०१ मध्ये पोप ग्रेगरीनंच इंग्लंडला कळवलं होतं, तिथल्या जुन्या धर्माची देवळं पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढा, तीर्थ शिंपडा, बैल कापायचे तर सणाला कापून खा. पोपनं केलं की धोरण, आणि बाईनं केलं की अंधश्रद्धा? एतियेननं कुत्र्याची हाडं उकरून झाडांसकट जाळली. तिथे जाईल त्याची मालमत्ता जप्त, असा हुकूमही काढवला. तरी १९व्या शतकापर्यंत लोक आजारी पोरं नेतच होते."

"मी असल्या गोष्टी मानत नाही," सर फणकारले.

"सर," बंडूनं संधी साधली, "२०११ च्या फायनलला गंभीर-धोनी खेळत होते तेव्हा मला जागेवरून उठू कोणी दिलं नव्हतं?"

"तू उठलास की विकेट जायची!"

"लघवीला जायचं होतं हो मला!"

सुधाताईंच्या हातातला चहा हिंदकळला.

"पण जिंकलो की नाही?" सर अजून भांडतच होते.